सुलतानचा खोकला

त्या रविवारी पाखरांच्या गाण्याच्या स्पर्धेत सुलतानचा पहिला नंबर येणार, याबद्दल आमच्या जेपारा गावच्या मैदानात कुणालाही शंका नव्हती. चोवीस पिंजरे ओळीने टांगले होते, पंच हातात झेंडे घेऊन खालून फिरत होते, आणि आमचा सुलतान शेपूट उडवत असा गात होता की आजूबाजूचे पक्षी स्वतःचं गाणं सोडून त्याचंच ऐकत बसले. पंच त्याच्या पिंजऱ्याखाली झेंडा रोवायला वाकला. तेवढ्यात सुलतानने तान थांबवली, मान खाली घातली आणि तो खोकला.

खोकलाही कसा! आधी घसा खाकरला, मग तीन कोरडे ठसके दिले, आणि शेवटी 'अंऽहं' असा दमलेला उसासा टाकला. पंच उठला आणि झेंडा घेऊन पुढच्या पिंजऱ्याकडे चालू लागला. पाकदेंचा चेहरा मला बघवेना.

पाकदे म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, सार्मिदी. सागवानावर त्यांच्यासारखी वेल आणि मोर कोरणारा माणूस आमच्या गल्लीत दुसरा नाही. सुलतान हा त्यांचा दयाळ पक्षी. दिवसभर तो त्यांच्या कामाच्या पडवीतच टांगलेला असतो. आणि मी मुर्नी, पडवीच्या समोरच राहते आणि पिंजऱ्यांवर घालायच्या कापडी खोळी शिवते. पाखरांच्या शौकीन माणसांना बायकोच्या कपड्यांपेक्षा पिंजऱ्याच्या खोळीची जास्त काळजी असते, त्यामुळे माझं बरं चाललंय.

सोमवारी सकाळीच पाकदे पिंजरा घेऊन माझ्या मशीनपाशी आले.

"मुर्नी, याला चांगल्या घट्ट विणीची खोळ शिव. पडवीतली लाकडाची धूळ छातीत गेलीय बिचाऱ्याच्या. बघवत नाही गं," असं म्हणून ते खोकले. आधी घसा खाकरला, मग तीन ठसके, मग 'अंऽहं'.

माझा नवरा जुमादी कोपऱ्यात कुणाचा तरी पंखा खोलून बसला होता. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. पण बोलायचं कुणी?

"पाकदे, आधी पाखरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवू या," मी म्हटलं.

डॉक्टरीणबाईंनी सुलतानला मुठीत धरून उलटासुलटा केला, छातीला कान लावला. "याला काहीही झालेलं नाही. दयाळ आहे हा, जे ऐकतो ते गातो. घरात खोकतं कोण?"

"कुणी नाही," पाकदे म्हणाले, आणि खोकले. पिंजऱ्यातून सुलतानने लगेच उत्तर दिलं.

बाई हसायला लागल्या. पाकदेंनाही हसू आलं, पण गेल्या चार वर्षांत त्यांना पुरतं हसता आलेलंच नव्हतं. हसू सुरू झालं की खोकला त्यांना अर्ध्यावर गाठायचा. मी सवयीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, ते वाकून खोकले, डोळ्यांतून पाणी आलं, आणि हसणं तिथंच संपलं.

हा खोकला मला लहानपणापासून पाठ आहे. माझे वडील याच पडवीत कोरलेल्या लाकडावर पॉलिश-कागद घासायचे. मी अकरा वर्षांची असताना ते गेले, आणि त्याआधी दोन वर्षं घरात हाच आवाज होता. नंतर पाकदेंनी मला वाढवलं. दवाखान्यातल्या नर्सने त्यांना गेल्या वर्षीच बजावलं होतं, धूळ तरी बंद करा नाहीतर कोरणं तरी. त्यावर पाकदे म्हणाले, "कोरणं बंद केलं तर मग नुसता श्वास घेऊन काय करू?" तिने दिलेले मास्क खिळ्याला टांगून ठेवले होते, आणि त्यांच्यावरही धुळीचा थर बसला होता. मला मात्र आणखी एक माणूस त्या धुळीला द्यायचा नव्हता.

परतताना पाकदेंनी पिंजरा पोटाशी धरला होता. मग म्हणाले, "सुलतानला तुझ्याकडे ठेवला तर?"

ठेवला. दिवसभर त्याने नाकतोड्याला चोच लावली नाही, आणि पलीकडे पाकदे जेवले नाहीत. संध्याकाळी पिंजरा परत पडवीत गेला.

"मग आता एकच उपाय," मी म्हटलं. "त्याच्या कानावर खोकला पडता कामा नये. म्हणजे तुम्ही खोकता कामा नये. म्हणजे धूळ तुमच्या नाकात जाता कामा नये."

"ते कसं जमणार, पोरी?"

"मी खोळ शिवते ना. तुमच्या डोक्याची."

स्वतःच्या छातीसाठी ज्या माणसाने साधा मास्क लावला नाही, तो पाखराच्या गाण्यासाठी निमूटपणे डोक्याचं माप द्यायला बसला. मला राग आला, खोटं कशाला बोलू! पण मी माप घेऊन टाकलं, न जाणो त्यांचं मन फिरलं तर.

पहिली खोळ पिंजऱ्याच्याच बेताने शिवली. डोक्यावरून खांद्यापर्यंत कापड आणि समोर मोटारसायकलच्या हेल्मेटची काच. पाकदे ती घालून बसले आणि पाव तासात काचेवर इतकी वाफ धरली की त्यांनी अंदाजाने छिन्नी चालवून एका मोराची चोच उडवली.

"मुर्नी, हा मोर आता कोंबडी म्हणून विकायचा का?" त्यांनी आतून विचारलं.

दुसऱ्या खोळीत जुमादीने डोकं घातलं. त्याने कमरेच्या पट्ट्याला एक छोटा पंखा आणि बॅटरी बसवली. नर्सने दम दिला होता की नुसत्या कापडाने बारीक धूळ अडत नाही, म्हणून पंख्याच्या तोंडाशी रंगाच्या दुकानातली, फवारणीच्या मास्कला असते ती खरी गाळणी लावली. गाळलेली हवा नळीने पाठीवरून वर जायची, कपाळावरून काचेवर उतरायची आणि मानेपाशी बाहेर पडायची. त्यामुळे वाफ धरेना, आणि हवा सतत बाहेर पडत असल्याने धूळ आत शिरेना. मी गळ्यापाशी इलास्टिक घातलं, जुमादीने बाहेर पडणाऱ्या हवेवर बोट धरून बघितलं, आणि आम्ही दोघांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पडवीतल्या बाकीच्या कारागिरांना तर चेव आला. "काय पाकदे, चंद्रावर कधी निघताय?"

"तुला न्यायचं नाहीये, म्हणून तर सांगितलं नाही," आतून उत्तर आलं.

तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी मी कॉफी घेऊन गेले तर काचेला भोक! तोंडाच्या बरोबर समोर, बांगडीएवढं. आणि नुसतं भोक नाही, कडेने बारीक पाकळ्या कोरल्या होत्या. या माणसाला साधं भोकसुद्धा पाडता येत नाही.

माझं डोकंच फिरलं. "सिगारेट ओढायला पाडलंत ना? लाज नाही वाटत? आम्ही दोघं आठवडाभर..."

"सिगारेट मी तुझ्या लग्नात सोडली," पाकदे शांतपणे म्हणाले. "खाली बस. आणि बघ."

मी बसले. त्यांनी छिन्नी ठेवली, हातोडी मारली, टक टक टक, आणि मग वाकून भोकातून 'फूऽ' केलं. भुसा उडाला, खालची रेघ दिसली. परत टक टक टक, फूऽ. मी मान वळवून बघितलं तर पडवीतले सगळेच तसं करत होते. फुंकल्याशिवाय रेघ दिसत नाही, आणि रेघ दिसल्याशिवाय छिन्नी पुढे जात नाही. आमचं अख्खं गाव असं फुंकत जगतं, माझे वडीलही फुंकायचे. मी त्यात वाढले आणि तरीही मला ते दिसलं नव्हतं. मी डोकं मोजलं, मान मोजली, कंबर मोजली, पण त्यांच्या शेजारी तासभर बसून काम काही बघितलं नव्हतं. बरं, फुंकायच्या आधी माणूस भुशावर वाकून छातीभर श्वास घेतो. खोळ हवी होती ती नेमकी तेव्हाच.

"आधी का नाही सांगितलंत?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं, मी फुंकतो ते? काच आली तेव्हा कळलं."

"ब्रशने झाडलं तर?"

"एका हातात छिन्नी, एका हातात हातोडी. ब्रश सुलतान धरणार का?"

म्हणजे उरले पाय. त्या दिवशी जुमादीकडे कुणाची तरी सायकलरिक्षा दुरुस्तीला आली होती आणि तिचा जुना भोंगा जमिनीवर पडला होता, लिंबाएवढ्या नाही, चांगल्या नारळाएवढ्या रबरी फुग्याचा. मी त्यावर पाय दिला आणि आमची मांजर पळून गेली.

नवी काच बसवली. भोंग्याचा फुगा पाकदेंच्या डाव्या पायाखाली ठेवला, त्यातून निघालेली बारीक नळी खोळीच्या कडेवरून आणून तोंडाच्या रेषेत बाहेर काढली आणि तिथंच शिवून टाकली. पाकदेंनी तीन ठोके मारले आणि पाय दाबला.

पोंऽऽ!

पडवीतली सगळी हत्यारं थांबली. भुसा मात्र झकास उडाला होता. जुमादी धावत पक्कड घेऊन आला. "भोंग्याची शिट्टी आतच राहिली, काढतो."

"राहू दे," मी म्हटलं.

"अगं, पण दिवसभर..."

"राहू दे म्हटलं ना! नळी खोळीला शिवलेली आहे. खोळ काढली की नळीही जाणार, मग तोंडानेच फुंकावं लागणार आणि पों वाजणार नाही. मला मशीनवर बसल्या बसल्या कळेल कोण शहाण्यासारखं वागतंय ते."

पाकदेंनी काचेआडून माझ्याकडे बघितलं. "तुझा बाप एवढा वस्ताद नव्हता," ते म्हणाले.

तेव्हापासून आमच्या गल्लीत टक टक टक पों, टक टक टक पों सुरू झालं. शेजारणींनी आधी कपाळाला हात लावला, मग त्याच तालावर कांदा चिरायला लागल्या. मधेच कधी नुसतं टक टक टक येऊन पुढे शांतता झाली, की मी खिडकीतून ओरडायचे, "पाकदे!" आणि क्षणभराने मुकाट्याने पों यायचं.

खोकला एका दिवसात गेला नाही. आधी ठसके तिनाचे दोन झाले, मग कधीतरी एक. सुलतान हुबेहूब हिशोब ठेवत होता. पाकदेंचा एक ठसका कमी झाला की आठवड्याभराने त्याचाही व्हायचा. 'अंऽहं' तेवढं दोघांनाही सोडवत नव्हतं. नर्सने छाती तपासली आणि म्हणाली, "जे गेलंय ते परत येणार नाही. पण आहे ते असंच सांभाळा." चंद्रावरून हसणाऱ्या पडवीतल्या कारागिरांपैकी तिघांनी गुपचूप आपापल्या डोक्याची मापं आणून दिली.

पाच महिन्यांनी पुन्हा मैदान, पुन्हा चोवीस पिंजरे. सुलतान गायला लागला आणि पाकदेंनी माझं मनगट घट्ट धरलं. तान वर गेली, खाली आली, पंच येऊन उभा राहिला. खोकायची जागा आली. ती गेलीही. पंच झेंडा घेऊन वाकला. सुलतानने मान खाली घातली, शेपूट वर केली, आणि तो स्पष्ट, खणखणीत आवाजात म्हणाला, टक टक टक, पोंऽऽ!

पंचाच्या हातून झेंडाच पडला. मैदानभर हशा उसळला, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले पाकदे. नंबर गेला, पाच महिन्यांची मेहनत गेली, आणि हा माणूस गुडघ्यावर हात मारून हसत होता. माझा हात आपोआप त्यांच्या पाठीवर गेला. आता खोकला गाठेल, आता वाकतील, म्हणून मी श्वास रोखून उभी राहिले.

ते हसतच राहिले. थांबले, पिंजऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा हसले, अगदी माझ्या लहानपणी हसायचे तसे, पोट धरून, हसू आपलं आपण संपेपर्यंत. मग त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"पाठीवर हात कशाला ठेवलायस गं?"

"असाच," मी म्हटलं. मला रडू येत होतं, आणि हात काही काढवेना.