छापलेला आमदार

मी एक जुनी कादंबरी बोलतेय. माझं मुखपृष्ठ कधीच गळून गेलं, तेव्हा नाव विचारू नका. माझ्या पोटात दोन पुढारी राहतात, एवढं कळलं तरी पुरे. आमदार सदूभाऊ सायकलवर फिरतो. एकशे बाराव्या पानावर तो बंद होणाऱ्या शाळेच्या उंबऱ्यात बसून म्हणतो, "कुलूप लावायचं तर आधी मला उचला." दुसरा नामदार जयवंतराव. कुणी काहीही मागितलं की हा मिशीवरून बोट फिरवून म्हणतो, "बघतो. करतो."

माझं पहिलं घर मसोलीला, चिकूच्या वाडीत. मालक काशीनाथ सदूभाऊच्या वाक्यांखाली पेन्सिलीने रेघा ओढायचे. त्यांच्या बायकोला, अंबूबाईंना, हसू यायचं.

"तुमचा सदूभाऊ म्हणजे मीठ नसलेलं वरण. जयवंतराव आला की कशी पानं भराभर उलटतात!"

"अगं, तो चोर आहे."

"असेना. बोलतो तरी झकास."

मला वाईट वाटे, पण बाईंचं खोटं नव्हतं. माझ्या लेखकाने चांगुलपणा सगळा सदूभाऊला दिला आणि चांगली वाक्यं जयवंतरावाला.

ती दोघं गेल्यावर मुलाने, देवेशने, कपाट रिकामं केलं आणि आम्हा पुस्तकांना उधवा गावाकडच्या एका आदिवासी पाड्यावरच्या शाळेत पोचवलं. एक खोली, अकरा मुलं आणि मयूरीबाई. शनिवारी शाळा सुटली की पाड्यावरच्या बाया ओट्यावर जमायच्या आणि बाई मला मोठ्याने वाचायच्या. सगळ्यांत पुढे काळी नावाची म्हातारी बसायची. तिचा मुलगा लाहू आणि सून मजुरीला बाहेरगावच्या वाडीवर. नात शितल आजीपाशी राहून तिसरीत शिकत होती.

जयवंतराव आला की काळी कडाकडा बोटं मोडायची. सदूभाऊ आला की म्हणायची, "बाई, त्याचा परत वाचा."

एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. या बायांची घरातली बोली वेगळी. मराठी त्यांना भेटते बाजारात, नाहीतर कचेरीत. छापलेली मराठी म्हणजे नोटीस, दाखला, रेशनचा कागद. गोष्टीचं पुस्तक काळीने कधी पाहिलंच नव्हतं. छापलंय म्हणजे सरकारी, आणि सरकारी आहे म्हणजे तो माणूस कुठेतरी असणारच.

मग पट कमी म्हणून शाळा बंद करायचा कागद आला. मुलांनी चार किलोमीटरवरच्या शाळेत जावं. मयूरीबाईंची बदली झाली.

लाहू पोरीला न्यायला आला. "रानातून एकटी नाय जायची. माझ्यासंगं वाडीवर राहील."

"थांब," काळी म्हणाली. "मी सदूभाऊला सांगून येते."

लाहूला वाटलं, असेल कुणी ओळखीचा. तो दोन दिवस थांबला. काळीने मला शाळेच्या पेटीतून काढलं, शितलकडून ते एकशे बारावं पान दुमडून घेतलं आणि फडक्यात बांधून एका पुढाऱ्याच्या कार्यालयात नेलं. बाहेरच्या टेबलावर मनिष नावाचा कार्यकर्ता बसला होता.

"कुणाला भेटायचंय, मावशी?"

"सदूभाऊ आमदाराला."

"असा कोणी नाय आपल्याकडे. कुठला मतदारसंघ?"

"एकशे बारा," काळी म्हणाली आणि तिने मला टेबलावर उघडलं.

मनिषने वाचलं आणि तो इतका हसला की चहा सांडला. "अरे, या बघा! मावशी पुस्तकातल्या आमदाराला शोधतेय!" बाकीचेही जमले. एकाने विचारलं, "सायकल कुठंय त्याची? पंक्चर झाली काय?"

हसू ओसरल्यावर मनिष जरा नरम झाला. "मावशी, ही गोष्ट आहे. मनाने लिहिलेली. असा माणूस नसतो."

"म्हणजे तो मेला?"

"नाय गं. झालाच नाय कधी."

तेवढ्यात आतून साहेब आले. घाईत होते. तिने उभ्याउभ्याच शाळेचं सांगितलं. त्यांनी मोबाईलवरून नजर न काढता मान हलवली.

"बघतो. करतो."

काळीने मला मिटलं. "हा तर हाय," ती हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शितल लाहूबरोबर वाडीवर गेली. तिथे शाळा नाही.

आता मी काळीच्या घरात भाताच्या कणगीवर असते. शितल पंधरा-वीस दिवसांनी येते, आणि आली की मला खाली काढते. पहिल्या खेपेला तिने अर्धं पान वाचलं. पुढच्या खेपेला जोडाक्षरापाशी अडली, ते सोडून पुढे गेली. नंतर दोन ओळी. गेल्या खेपेला तिने ओळीवर बोट ठेवलं, ओठ हलवले, पण आवाज आला नाही. काळी शेजारीच बसली होती. तिला वाचता येत नाही.

वाचकांनो, माझ्यातला कुठला पुढारी आवडला आणि कुठला नाही, हे मला आता सांगू नका. या बाजूला कधी आलात, तर त्या पोरीशेजारी घटकाभर बसा आणि तिला अडलेलं अक्षर सांगा. ते माझ्याच अंगावर आहे, पण मला ते तिला सांगता येत नाही.