पालाबाबाची वाळू

सभागृहात खुर्च्या दोनशे आणि मधुमेही पाचशे. मंचावर पालाबाबा. एकेकाला वर बोलवायचा, हिरवी पानं चघळायला लावायचा, मग चमचाभर साखर तोंडात.

"कशी लागते?"

"वाळू! वाळू लागते, बाबा!"

"लागणारच! अंगातली साखर जळाली, आता बाहेरची कशी गोड लागेल? टाका त्या गोळ्या!"

खाली बादली ठेवलेली. लोक गोळ्यांची पाकिटं टाकत होते. माझ्या दादानंही टाकली. पायाच्या अंगठ्याची जखम तीन महिने भरत नव्हती, "साखर आवरा, नाहीतर अंगठा काढावा लागेल," असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं, आणि हा पठ्ठ्या लंगडत लंगडत टाळ्या वाजवून घरी आला.

दादाची बेकरी आहे. मी तिथं केक सजवते. तिसऱ्या दिवशी पाला चघळतच तो आत आला, क्रीम चाखलं आणि गरजला, "साखर कुणी खाल्ली?"

"घातलीय की, नेहमीएवढी."

"मला शिकवू नकोस. तीस वर्षं ही जीभ म्हणजे तराजू आहे."

वाटीभर ओतली. चाखली. आणखी वाटीभर. मी बोट लावून पाहिलं, तर दाढा ठणकल्या.

वहिनी म्हणाली, "अहो, मुंग्यासुद्धा हात जोडतील आता."

"दुकानदारानं फसवलं! साखर म्हणून वाळू विकतो लेकाचा!"

वाळू? मी कान टवकारले. दादाच्या पाल्याच्या पुडीतली दोन पानं मी चावली, वर साखर टाकली. खरंच, निव्वळ वाळू.

"दादा, मला मधुमेह नाही. मग माझ्या अंगातलं काय जळालं?"

"तू लहानपणापासून जळतेसच."

तेवढ्यात वहिनीनंही पाला चघळून साखर खाल्ली. "अगं बाई, वाळूच!"

आम्ही दोघींनी दादाला धरूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी बोट टोचलं. साखर तीनशे ऐंशी!

"हा गुडमारचा पाला," त्या म्हणाल्या. "जिभेला तासभर गोडाचा पत्ता लागू देत नाही. चव गेली म्हणून रक्तातली साखर जात नाही. साखर उतरवायला तो थोडा मदत करतो का, यावर अभ्यास चालू आहे. पण गोळीच्या जागी नाही. आणि गोळीबरोबर घ्यायचा तरी मला सांगून, नाहीतर साखर एकदम खाली जायची."

"म्हणजे अंगठा?"

"आजपासून गोळ्या घेतल्यात, तर वाचेल बहुतेक."

पुढच्या रविवारी बाबाच्या सभेत दादा स्वतःच मंचावर चढला. "ज्यांना मधुमेह नाही, त्यांनी वर या!" पहारेकरी आला, माइकवाला आला, दोन कॉलेजच्या मुली आल्या. पाला, साखर.

"वाळू!" चौघेही ओरडले.

बाबा पुटपुटला, "श्रद्धा हवी..."

"या चौघांची होती का?" दादानं विचारलं. लोक बादलीत हात घालून आपापली पाकिटं शोधू लागले.

बायांनो, बाबांनो, पाला खुशाल चघळा, पण डॉक्टरांना सांगून. रक्तातलं मात्र जिभेला विचारू नका. हाताचं बोट टोचून घ्या, पायाचं शाबूत राहील.