शकुनाला दहाचं नाणं

लेकीचं, प्रेरणाचं लग्न जमल्यापासून आशाबाईंचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तीन वर्षं स्थळं पाहून त्या मेटाकुटीला आल्या होत्या आणि हे स्थळ चक्क बँकेतलं होतं. नवरदेव ऋतुराज कॅश काउंटरवर बसायचा. त्याचे वडील पुंजाराम देवगाव रंगारीहून दोन गाड्या भरून पाहुणे घेऊन शहरात, गारखेड्यात आशाबाईंच्या घरी टिळ्याला आले होते आणि आल्यापासून आपल्या ट्रॅक्टरचं कौतुक ऐकवून सगळ्यांचे कान किटवत होते.

ऋतुराजला पाटावर बसवल्यावर आशाबाईंच्या लक्षात आलं, की पाचशेच्या नोटेवर शकुनाचा रुपया हवा. घरात रुपया सापडेना. सापडणार कुठून? हल्ली भाजीवालीसुद्धा स्कॅनर पुढं करते. डब्यात उरलं होतं ते एक दहाचं नाणं, कारण या शहरात ते कुणी घेतच नाही. सरकार टाकसाळीत नाणी पाडतं आणि ती खरी की खोटी हे आमच्याकडं पानटपरीवाला ठरवतो. धन्य ती अक्कल! आशाबाईंनी ओवाळून नारळ, नोट आणि तेच नाणं ऋतुराजच्या ओंजळीत ठेवलं.

पुंजारामांनी नाणं उचलून ताटात परत टाकलं. नोट मात्र राहू दिली.

"हे चालत नाय, इहीणबाई. शकुनालाच खोटं नाणं? आमच्या पोराला येडं समजता काय?"

आता हे लग्न मोडतंय की काय, अशी धास्ती आशाबाईंना वाटली. त्यांनी आशेनं जावयाकडं पाहिलं.

"तुम्ही बँकेत आहात. तुम्हीच सांगा ह्यांना."

ऋतुराजनं आधी वडिलांचा चेहरा पाहिला.

"बँकेत आम्ही घेतो... पण पप्पा म्हणतात तर नसंल चालत."

पुंजाराम खूश होऊन मिशीवरून हात फिरवायला लागले. "जाऊ द्या, मोबाइलवर एकशे एक टाका. आम्ही काय मनावर घेत नाय."

मघापर्यंत आशाबाई या माणसाच्या पायासुद्धा पडल्या असत्या. आता त्यांना शिसारी आली, आणि बापाची नव्हे, पोराची आली. त्यांनी त्याच्या ओंजळीतला नारळ काढून घेतला.

"भाऊ, जेवल्याबिगर जाऊ नका. पण टिळा राहू द्या. रोज काउंटरवर जे खरं म्हणून घेतो, ते बापापुढं खरं म्हणायची ह्याची छाती होईना. असल्या घरात माझी पोर एकटी पडंल."

तेवढ्यात आतून प्रेरणाचा मोकळा आवाज आला, "आई, ताटं वाढू का गं?"