माळावर नेलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. जुनी म्हणा, पण मोडकी म्हणू नका. एका सुताराने मला मन लावून घडवलं, त्यामुळे कुरकुरणं माझ्या स्वभावात नाही.

मी राहते एका धर्मादाय संस्थेच्या कचेरीत. स्वच्छ वीज तयार करायला आणि जमिनी राखायला ही संस्था अनुदान देते. तिथे एक रीत होती. ज्या जमिनीसाठी पैसे मागितले असतील, तिथे अध्यक्षबाई मला घेऊन जायच्या, सकाळभर माझ्यावर गप्प बसायच्या आणि मगच हो की नाही ते सांगायच्या. लोक हसायचे. हसोत बापडे! मोठमोठे निर्णय माझ्यावर बसूनच झाले आहेत.

एकदा एकाच माळासाठी दोघं आले. अभियंत्याला तिथे सौर पाट्या बसवून आसपासच्या वस्त्यांना वीज द्यायची होती. मेंढ्या पाळणाऱ्या मावशींना माळ गवतासकट राखायचा होता. माळ गेला असता, तर त्यांना अख्खा कळप विकावा लागला असता. मावशी पदराचं टोक पिळत होत्या. मला फार वाईट वाटलं.

"जागा रिकामीच पडलीय, बाई. झाड नाही, घर नाही," माळावर पोचताच अभियंता म्हणाला.

"बघू. आधी खुर्ची टाका."

त्याने मला उघडून टेकवलं, तोच एक टिटवी ओरडत अंगावर आली. खाली दगडांत तिची अंडी होती, अगदी दगडांसारखीच. त्याने मला चटकन उचललं. पलीकडे गवताच्या बुंध्याशी चंडोलाची पिल्लं चोची वासून बसली होती. तिसरीकडे बिळंच बिळं, आणि एका बिळातून कुणीतरी टकमक बघत होतं. मला काखेत मारून बिचारा माळभर हिंडला. अध्यक्षबाई उभ्याच राहिल्या. एरवी मी हा अपमान मानला असता.

घामाघूम होऊन तो परतला. "चुकलंच माझं. इथे खुर्ची टाकायला जागा नाही, पाट्या कुठे टाकू? गोदामांच्या छपरांवर बसवतो. पण अर्धं अनुदान माळाला गेलं, तर यंदा निम्म्याच वस्त्यांना वीज मिळेल."

"उरलेल्यांसाठी मी देणग्या मागत दारोदार फिरेन," अध्यक्षबाई म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्या खरोखरच फिरल्या. मावशींचा कळप आजही त्या माळावर चरतो.

आता अध्यक्षबाई निवृत्त झाल्या आहेत. नवी मंडळी हुशार आहेत, पण कामाच्या घाईत असतात. पडद्यावर जमिनीचं चित्र बघतात आणि ठरवून मोकळी होतात. मी अडगळीत पडून आहे. काल दाराआडून बोलणं कानावर आलं. आणखी एक जमीन आहे म्हणे, आणि ती रिकामीच आहे म्हणे.

मित्रांनो, माझं कापड विरलंय, ते शिवता येईल. पाय मात्र भक्कम आहेत. त्यांचं ठरायच्या आत हे दार उघडा आणि मला तिथे घेऊन चला.