गव्हाण चालू

सोपानरावांनी रिसीव्हर उचलून कानाला लावला. फोन चालू होता. म्हणजे कुणी करतच नव्हतं.

शेतकी अधिकारी सतीश बहिणीच्या लग्नाला शिरूरला गेला होता आणि साखर कारखान्याचा सगळा ऊसपुरवठा दोन दिवस त्याच्या हाताखालच्या सोपानरावांच्या हाती होता. ऐन हंगामात! याच दिवसांची ते वाट बघत होते. सतीश गेला की ऊसतोडीच्या टोळ्या अडतील, ऊस कमी पडेल, ऊस आत ओढणारी गव्हाण रिकामी फिरेल आणि एमडी साहेबांना कळेल, खुर्ची कुणाला द्यायला हवी होती ते. दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेलं पोरगं! बापानं जन्मात उसाचं कांडं लावलं नाही, आणि हा थेट डोक्यावर येऊन बसला. घरी हा विषय निघाला की सोपानराव जेवता जेवता ताट सरकवायचे.

त्यांच्या काळी असं नव्हतं. त्यांना विचारल्याशिवाय बैलगाडी हलत नसे. थोरल्या लेकीच्या साखरपुड्यात कारखान्याची जीप त्यांना न्यायला मांडवाच्या दारात येऊन उभी राहिली होती. गव्हाण बंद पडलेली. हे ते अजून चारचौघांत मिशीवर हात फिरवत सांगत.

"आप्पा, पाटसच्या अलीकडं ट्रॅक्टर उलाटला!" बाहेरून वॉचमन ओरडला. "ट्रॉली रस्त्यात आडवी पडलीया. मागं सगळी लाइन लागली. मानसं बरी हायती."

सोपानरावांना आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर तो माणसं वाचल्याचा नव्हता. चपला अडकवून ते जवळजवळ धावतच गाडीतळावर निघाले. आता दोघातिघांना झापायचं, हुकूम सोडायचे आणि संध्याकाळी सगळं एमडींच्या कानावर घालायचं.

गाडीतळावर बन्सी कारकून चहा पीत बसला होता.

"च्या काय पितोयस? ऊस कुठनं आणनार आता?"

"आणला की, आप्पा. जवळच्या शिवारातल्या बैलगाड्या आधी बोलवून घेतल्या. मागचे ट्रॅक्टर मुकादमांनी कालव्याच्या रस्त्यानं वळवले."

"कुणाला इचारून?"

बन्सी गोंधळला. "इचारायचं काय त्यात? सतीशसाहेबांनी हंगामाआधीच समद्यांस्नी बसवून ठरवलंय की. रस्ता अडला तर कुणी काय करायचं, टोळी अडून बसली तर कुणी. मुकादम बोलत हुते, साहेब ऐकत हुते." त्यानं बाकड्यावर जागा केली. "तुम्ही बसा निवांत. च्या घ्या."

सोपानराव बसले. समोर गव्हाणीत उसाच्या मोळ्या धडाधड पडत होत्या. आपल्यावाचून अडलं पाहिजे, यासाठी त्यांनी अख्खी नोकरी घातली होती. आणि ह्या कार्ट्यावाचून कुणाचं काहीच अडत नव्हतं. त्याच्या खुर्चीचा हेवा तर होताच. आता ह्याचाही वाटायला लागला, आणि हा जास्त झोंबला.

सतीश परत आला त्या सकाळी एमडींनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"रस्ता बंद होता तरी गाळप थांबलं नाही म्हणे. सतीश, तू तर इथं नव्हतास. कुणी सांभाळलं?"

"सोपानआप्पांनी," सतीश लगेच म्हणाला. "ते होते म्हणून तर मी लग्नात निर्धास्त होतो, साहेब."

सोपानरावांनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. टोमणा आहे का, ते शोधलं. नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

"म्या काय न्हाई केलं," ते कसेबसे म्हणाले. "पोरांनीच केलं समदं."

"ऐकलंत, साहेब?" सतीश हसला. त्याच्या डोळ्यांत खरोखरीचं कौतुक होतं. "हा मोठेपणा मला कधी जमायचा?"

एमडी खुर्चीतून उठले आणि त्यांनी सोपानरावांच्या पाठीवर थाप दिली. इतक्या वर्षांतली पहिलीच. सोपानराव मान खाली घालून उभे राहिले. ती थापसुद्धा त्यांना त्या पोरानंच मिळवून दिली होती.