मेपल स्ट्रीटवरचं एक पिवळं घर

कॉलेजच्या पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला लिहायला लावलं होतं : अमेरिकेतले राजकीय पक्ष शिकताना तुमची अपेक्षा काय? मॅरेननं लिहिलं, ‘मला पक्ष आतून पाहायचाय.’ एकोणिसाव्या वर्षी असंच लिहितात. तिच्या डोळ्यांसमोर बंद दाराआडच्या बैठका होत्या. प्रत्यक्षात पक्ष सापडला ओहायोतल्या तिच्याच गावात, ड्वाइट केसलरच्या गॅरेजमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी.

केसलर वॉर्डाचा पक्षप्रमुख. सत्तरीचा, गोडबोल्या. गाव सगळं एकाच पक्षाचं, त्यामुळे त्याला काम असं फारसं नव्हतंच. निवडणूक आली की घरोघरच्या अंगणात पाट्या ठोकायच्या. मॅरेनच्या आईच्या अंगणातही तोच ठोकायचा. आई, अर्लीन, नवरा गेल्यापासून घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे केस कापायची. तिची निम्मी गिऱ्हाइकं मिसेस केसलरच्या चर्चमधली.

मार्चमधल्या प्राथमिक निवडणुकीत मतदाराला कुठल्या तरी एका पक्षाची मतपत्रिका मागावी लागते. मत गुप्त राहतं, मागणी नाही. कुणी कुठली मागितली, ती यादी कुणालाही मिळते, पण चार हजार नावांचं ते बाड उघडून बघणार कोण? केसलरच्या खोक्यात ते वर्षानुवर्षं पडून असायचं.

मॅरेननं प्रकल्प म्हणून ते संगणकात घातलं. रस्त्याप्रमाणे, घराप्रमाणे. आपल्या पक्षाच्या घरांना हिरवा रंग, दुसऱ्या पक्षाच्या घरांना पिवळा. रंग संगणकानंच भरले, तिनं नुसतं छापून आणलं.

शनिवारी दुपारी केसलरनं मेपल स्ट्रीटचा कागद टेबलावर पसरला.

"वा पोरी! चाळीस वर्षांत मला हे जमलं नाही." त्याचं बोट घराघरावरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. "हे पिवळं कुणाचं गं?"

मॅरेननं वाकून पाहिलं. घर नंबर एकशे बारा. अर्लीन टॉलिव्हर.

"काहीतरी चूक झाली असेल, मिस्टर केसलर."

"सरकारी यादीत?" तो हसला. "अगं, घाबरतेस काय! मी अर्लीनला लहानपणापासून ओळखतो. माझं काही नाही. पण आमच्या चर्चमधल्या बायकांचं तुला माहीतच आहे. एकीनं केस कापायची खुर्ची बदलली की सगळ्या बदलतात."

"तुम्ही हे कुणाला दाखवणार आहात?"

"सोमवारच्या बैठकीत लावायचं म्हणत होतो. तुझ्या कष्टाचं कौतुक नको व्हायला?"

आईनं का मागितली असेल ती मतपत्रिका? कधी बोलली नाही. बोलली नाही, म्हणूनच तर पाच वर्षं दुकान चाललं.

"मेपल स्ट्रीट नाही लावली तर?"

"नको तर नको." केसलरनं कागदाची घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. कागद फाडला मात्र नाही. "पण भिंतीवर काहीतरी लावावंच लागेल ना? बाकीच्या रस्त्यांचे कागद तू पुरे करून देशील. आणि नुसता रंग नको. कोण कुठे काम करतं, कुणाकडे जातं, तेही लिही. तुला इथल्या घरांची माहिती आहे."

"त्याचं काय करणार तुम्ही?"

"काय करणार! माणसं आपली आहेत का, ते कळलेलं बरं." त्यानं तिच्यासाठी खुर्ची ओढली, लिंबू सरबताचा ग्लास पुढे ठेवला. "बैस. एल्म स्ट्रीटपासून धर."

एल्म स्ट्रीटच्या कागदावरचं पहिलंच घर पिवळं होतं. मिसेस ऑडेल, तिला तिसरीत वाचायला शिकवणाऱ्या बाई.

मॅरेननं त्यांच्या नावापुढे लिहिलं : ‘प्राथमिक शाळा. निवृत्तीला दोन वर्षं.’