वळणावर उतरलेली

गाडी नीट चालवणारी माणसं जगात दोनच, असं शरदचं मत होतं. एक तो स्वतः, आणि दुसरं त्याला अजून भेटायचं होतं. कारखान्यातल्या मॅनेजरकीतून निवृत्त होऊन, बायकोला, देवयानीला, घेऊन समुद्रातल्या त्या हिरव्यागार बेटावर तो जाऊन आला, आणि मग तर बोलायची सोयच उरली नाही. रविवारी सकाळी शेजारचे शाम आणि कुमुदिनी पोहे-जलेबीला आले तेव्हा त्याने टीव्हीवर तिथल्या रस्त्याचा व्हिडिओ लावला, भाड्याच्या गाडीच्या काचेवरच्या कॅमेऱ्याने टिपलेला. रस्ता दाखवण्यापेक्षा शामला त्याची लायकी दाखवावी हा त्यातला खरा हेतू, कारण शाम अजून शहराजवळच्या बेटमा गावाला जायचं तरी ड्रायव्हर बोलावत असे.

रस्ता मात्र खरंच बघण्यासारखा होता. एका अंगाला काळा कडा, दुसऱ्या अंगाला थेट खाली समुद्र, आणि मधून जेमतेम एक गाडी मावेल एवढी डांबराची पट्टी, जी दर थोड्या वेळाने अंग चोरून कड्याआड वळत होती. देवयानीला नेहमीप्रमाणे गाडी लागली होती. पिशवी तोंडाशी धरून ती कशी बसली होती याची शरदने पाहुण्यांना नक्कल करून दाखवली. देवयानी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही हसली.

मग ते वळण आलं. गाडी देणाऱ्या म्हाताऱ्याने त्याबद्दल दोनदा बजावलं होतं. तिथे पुढचं काहीच दिसत नाही, म्हणून सोबतच्या माणसाने उतरायचं, वळणापलीकडे बघून परत यायचं, गाडीत बसायचं, आणि मगच गाडी हलवायची. शरदला त्या म्हाताऱ्याची कीवच आली होती. आपल्या शहरातल्या राजवाड्यामागच्या कुठल्याही गल्लीत गाडी काढणाऱ्याला विचारा, उतरलेला माणूस तिथूनच ‘आने दो, आने दो’ ओरडतो आणि गाडीच्या पाठीवर थाप मारतो. त्यासाठी परत कशाला यायचं? बेटावरच्या लोकांना वेळेची किंमत नसते, एवढाच त्याचा अर्थ, असं त्याने आत्ताही सगळ्यांना समजावून सांगितलं.

पडद्यावर देवयानी उतरली, ओढणी सावरत कड्याच्या कडेकडेने गेली आणि दिसेनाशी झाली. काही वेळाने पलीकडून तिचा आवाज आला, “येऊ द्या, येऊ द्या.” गाडी निघाली, वळली. पुढे रस्ता रिकामा होता, उजेड होता, खाली लाटा फुटत होत्या. गाडी त्याच संथ वेगाने पुढे चालत राहिली, आणि जरा वेळाने गाडीतून देवयानीचा आवाज ऐकू आला, “काय छान वारा आहे.”

कुमुदिनीने जलेबीचा तुकडा बशीत परत ठेवला. “भाऊजी, पण देवयानी परत गाडीत बसली कधी? गाडी तो रुकीच नाही.”

शाम म्हणाला, “कट झालं असेल ना, भिया. कॅमेऱ्याचं असंच असतं.” शरदने त्याचा शब्द झेलला आणि कॅमेऱ्यांवर एक छोटं व्याख्यान दिलं. बायकांना यंत्रातलं काही कळत नाही असं सांगून त्याने विषय मिटवला.

पाहुणे गेल्यावर मात्र त्याने तो भाग पुन्हा लावला, आणि पुन्हा. कुठेही काही कापलेलं नव्हतं. वळणाआधी क्षितिजावर दिसणारी होडी वळणानंतरही जिथल्या तिथे होती आणि गाडी क्षणभरही थांबली नव्हती. तो आठवू लागला. आपण थांबलो, दार उघडलं, ती बसली, असं झालंच असणार, पण आठवत काही नव्हतं. आठवत होतं ते इतकंच की वळणानंतर तिला गाडी लागली नव्हती. सुटली एकदाची कटकट, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

आता तो घाबरला, आणि घाबरल्याचा त्याला मनस्वी राग आला. जेवताना त्याने बायकोकडे नीट पाहिलं, कदाचित कित्येक वर्षांत पहिल्यांदा. ती वाढताना गुणगुणत होती. आधी गुणगुणायची का? तिच्या कानामागे तीळ होता. तो पूर्वीचाच का? ती घड्याळ उजव्या हातात घालत होती, आणि आधी कुठल्या हातात घालत असे हे शरदला शपथेवर सांगता आलं नसतं. शेवटी त्याने पुण्याला मुलाला फोन करून आडून आडून विचारून पाहिलं, तर मानस म्हणाला, “बाबा, तुम्ही कधीपासून आईकडे लक्ष द्यायला लागलात?” आणि रविवार असूनही मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

कारखान्यात एका प्रश्नात भल्याभल्यांची चोरी पकडणारा म्हणून शरदचा लौकिक होता. जे फक्त देवयानीलाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारायचं, की दूध का दूध, पानी का पानी. दुपारी ती जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत बसली होती, तिच्यासमोर तो खुर्ची ओढून बसला. लहानपणीच्या मैत्रिणीचं नाव विचारावं? पण ते त्याला कुठे माहीत होतं. आवडती भाजी? तीही नाही. मानस झाला तेव्हा ती काय म्हणाली होती? त्या दिवशी तो कारखान्यातून निघालाच नव्हता. एकेक प्रश्न त्याच्या ओठांशी येत होता आणि परत फिरत होता, कारण एकाचंही उत्तर बरोबर की चूक हे ठरवायला त्याच्यापाशी काही नव्हतं. इतकी वर्षं या बाईच्या हातचं खाऊन त्याला तिचं नाव आणि तिला गाडी लागते एवढंच माहीत होतं, आणि त्यातलंही एक आता खरं राहिलं नव्हतं.

“काही विचारायचं होतं का, अहो?” तिने विचारलं. ती वाट बघत होती, अगदी मनापासून.

“नाही,” तो म्हणाला, “काही नाही.”

तिने मेथीची पुढची काडी उचलली, पानं खुडली आणि मान वर न करता शांतपणे म्हणाली, “तिने सांगितलंच होतं, तुम्ही काही विचारणार नाही म्हणून.”